यीशिंगची मातीची किटली जमवायची असेल तर: आधी हात ओळखा, शिक्का मागाहून

२०१५ मध्ये बीजिंगला दोंगझेंग या लिलाव कंपनीत यीशिंगचे कुंभार गू जिंगझोऊ यांचा खार आणि द्राक्षांच्या नक्षीचा दहा नगांचा चहाचा सेट ९ कोटी २० लाख युआनला गेला, म्हणजे त्या वेळच्या दराने आपले नव्वद कोटींच्या वर रुपये, आणि सेट कशाचा तर मातीचा, ना त्यावर सोनं ना झिलई. अशी बातमी फिरली की लोक लगेच ऑनलाइन शोधायला लागतात आणि तिथे त्यांना "मास्टर हँडमेड अँटिक झिशा", म्हणजे यीशिंगच्या मातीची किटली, दोन-तीन हजार रुपयांत दिसते, वर फ्री डिलिव्हरी. या दोन टोकांच्या मध्ये नक्की काय काय आहे ते कळल्याशिवाय एक रुपया पण घालू नका असं माझं म्हणणं आहे, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. लांबलंय थोडं, पण हे घाईचं कामच नाही.

आधी माती. चीनच्या च्यांगसू प्रांतात ताई सरोवराच्या पश्चिमेला यीशिंग शहर आहे, त्यातलं दिंगशू हे कुंभारांचं गाव आणि गावाला लागून ह्वांगलोंगशान नावाचा डोंगर. झिशा म्हणतात ती माती या डोंगरातून दगडासारखी खणून काढतात, मग ती उघड्यावर ऊन-पावसात टाकून ठेवतात, फुटून भुगा व्हायला लागली की दळायची, चाळायची, पाणी घालून मळायची आणि परत मुरत ठेवायची. भट्टीत ११०० ते १२०० अंशापर्यंत भाजतात आणि झिलई अजिबात देत नाहीत, त्यामुळे भाजल्यावर जे दिसतं ते मातीचं स्वतःचंच रूप. जांभळट तपकिरी ती झीनी, लालसर ती होंगनी, पिवळट ती द्वाननी, आणि शेंदरी-लाल ती झूनी. झूनी भट्टीत बाकीच्या मातींपेक्षा कितीतरी जास्त आकसते, तडकते, म्हणून तिच्या किटल्या बहुतेक लहान असतात आणि अंगावर बारीक सुरकुत्या दिसतात. कोणी तुम्हाला मोठी थोरली, गुळगुळीत, एकही सुरकुती नसलेली झूनी स्वस्तात देत असेल तर तिथेच थांबा. २००५ च्या सुमारास ह्वांगलोंगशानच्या खाणी बंद झाल्या, म्हणून "जुन्या खाणीची ओरिजिनल माती" हे शब्द आता प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतात, ते ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता हात, म्हणजे घडवणाऱ्याचं काम, यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नवीन लोक नेमका हाच सोडून बुडावरच्या कुंभाराच्या नावाच्या शिक्क्याकडे धावतात.

यीशिंगची अस्सल पद्धत चाकाची नाही. कुंभार मातीचा गोळा लाकडी हातोड्याने ठोकून सारख्या जाडीची पट्टी करतो, ती मापात कापून गोल वळवतो, टोकाला टोक जोडतो, मग डावा हात आत घालून बाहेरून लाकडी थापीने थापटत थापटत त्या नळकांड्याचं एक तोंड आत वळवत आणतो, तिथे बुडाची चकती बसवतो, उलटं करून दुसरं तोंड तसंच वळवतो आणि तेही चकतीने बंद करतो. एक बंद पोकळ गोळा तयार होतो. तोटी, कडी, झाकण हे वेगळं करून पातळ मातीने चिकटवायचं, आणि शेवटी बैलाच्या शिंगाच्या पातळ पात्याने अंग घोटत बसायचं. चौकोनी किटली असेल तर पाट्या कापून पेटीसारख्या जोडतात. हे झालं पूर्ण हातकाम. दुसरा प्रकार अर्धं हातकाम, म्हणजे माती साच्यात दाबून अंग काढायचं आणि बाकीचं हाताने, बाजारातल्या बऱ्याच किटल्या अशाच असतात आणि माती चांगली असेल, विकणारा खरं सांगत असेल तर त्यात वाईट काही नाही, रोज चहा प्यायला उत्तम. तिसरा चाकावरचा, आणि चौथा म्हणजे माती पाण्यासारखी पातळ करून साच्यात ओतायची, हा सगळ्यात खालचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ग्वांगदोंगमधल्या चाओझोऊला लाल मातीच्या किटल्या चाकावरच करतात, ती त्यांची जुनी आणि सुंदर परंपरा आहे, फक्त तीच किटली यीशिंगची झूनी म्हणून चौपट भावात विकली तर ती फसवणूक.

हे डोळ्याने ओळखायचं कसं? फोनचा टॉर्च लावा, झाकण काढा आणि आत बघा. बाहेरचं अंग कोणीही घोटून चकचकीत करेल, खरी गोष्ट आत कळते. पूर्ण हातकामात कडीच्या खाली आतून पट्टीची जोड असते, बुडाची चकती आणि भिंत जिथे मिळतात तिथे साफ केल्याच्या खुणा दिसतात. चाकावरच्या किटलीत आत गोल गोल वळ्या दिसतात. ओतकामाची किटली आतून बाहेरून एकसारखी, जाडी सगळीकडे तीच, मातीचा कण कुठे दिसत नाही, निर्जीव. आणि हो, ती कडीखालची जोड मुद्दाम रेघ ओढून नकली पण करतात, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, चार-पाच खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघा.

मग किटली सपाट ठेवून समोरून बघा. तोटी, झाकणाची गुंडी आणि कडी एका रेषेत आहेत का, वरून बघितलं तर तोटी तिरकी गेलीय का. शुईपिंग नावाचा जो लहान गोल आकार आहे त्यात तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कडीचा वरचा भाग एका पातळीत यायला हवेत, आणि चांगली शुईपिंग पाण्यावर तरंगत ठेवली तर सरळ राहते. पाणी भरून ओता, धार तुटते का, ओतणं थांबवल्यावर थेंब तोटीखाली ओघळतो का, झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबते का. या परीक्षा कसब सांगतात, कुणी केली आणि किती जुनी ते सांगत नाहीत, विकणारे मात्र बोट ठेवून धार थांबवून दाखवतात आणि म्हणतात बघा अस्सल. तसं काही नसतं.

उकळतं पाणी ओतून वास नक्की घ्या. चांगल्या मातीला फार तर ओल्या मातीचा वास येतो. बुटाचं पॉलिश, मेण, रॉकेलसारखं काही आलं तर किटली जुनी दिसावी म्हणून तिला काहीतरी फासलंय. रंगाचंही तसंच, गडद काळ्यासाठी मँगनीज, निळसर हिरव्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी क्रोमियम घालतात, २०१० मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीने झिशातल्या या भेसळीवर कार्यक्रम केला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भडक निळी, भडक हिरवी किटली मी तरी घेणार नाही, आणि जिच्यात चहा प्यायचाय ती तर मुळीच नाही.

आता नावं, कारण लिलावाचा कॅटलॉग उघडला की नावांचाच पाऊस असतो. परंपरेने पहिला कुंभार म्हणून गोंग चुन याचं नाव घेतात, सोळाव्या शतकातला, एका विद्वानाच्या घरचा नोकर, देवळातल्या भिक्षूकडून शिकला असं सांगतात. कथा बाजूला ठेवली तर नानजिंगला वू जिंग नावाच्या दरबारी अधिकाऱ्याच्या १५३३ च्या थडग्यात वरून कडी असलेली एक झिशा किटली सापडली, तारखेची खात्री असलेल्या किटल्यांमध्ये ती सगळ्यात जुनी मानतात. मिंग राजघराण्याच्या काळाच्या (१६४४ पर्यंत) शेवटी शी दाबिन, मग छिंग राजघराण्याच्या काळात (१६४४ ते १९१२) कांगशी बादशहाच्या वेळचा चेन मिंगयुआन, फळं-फुलं-झाडाच्या खोडाचे आकार करणारा. त्यानंतर चेन मानशेंग, हा कुंभार नव्हता, अधिकारी आणि शिक्के कोरणारा कलावंत होता, तो आकार काढायचा, मजकूर लिहायचा आणि यांग पेंगनियान सारखे कुंभार किटली घडवायचे, "मानशेंगचे अठरा आकार" असं कॅटलॉगमध्ये दिसतं ते याचं. विसाव्या शतकात गू जिंगझोऊ, १९१५ ते १९९६, साधे भौमितिक आकार इतके नेमके की बाकीचे त्यांच्यापुढे फिके वाटावेत, आणि ज्यांग रोंग, बाई, निसर्गातले आकार करण्यात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं.

या नावांवर भाळण्याआधी एक इतिहास कळलाच पाहिजे. १९३०-४० च्या दशकांत शांघायच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी यीशिंगचे तरुण हुशार कुंभार पगारावर बोलावून घेतले आणि त्यांच्याकडून मिंग-छिंग उस्तादांच्या किटल्यांच्या नकला करून घेतल्या, त्या उस्तादांच्या शिक्क्यांसकट. त्या तरुणांमध्ये गू जिंगझोऊ होते, ज्यांग रोंग होत्या! म्हणजे "चेन मिंगयुआन" लिहिलेली एखादी किटली प्रत्यक्षात विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम हातांची असू शकते, आणि अशा वस्तू पुढे मोठमोठ्या संग्रहांत अस्सल म्हणून जाऊन बसल्या. त्याच्याही आधी हुई मेंगचेन या कुंभाराचं नाव शेकडो वर्षं लहान किटल्यांच्या बुडावर इतक्या लोकांनी टाकलं की आज त्या नावावरून काळ, गाव, हात काहीच सांगता येत नाही. शिक्का हा रबरी स्टँप करण्याइतका सोपा प्रकार आहे, तो सगळ्यात शेवटी बघायचा, आणि तोही ओळखीच्या अस्सल ठशाशी मोठा करून ताडून. गू यांनी स्वतः आयुष्यभरात वेगवेगळे शिक्के वापरले, त्यामुळे तिथे तर अजून सांभाळून.

मग लिलावात लोक कोटी कशाचे मोजतात? १९४८ ची गोष्ट घ्या. गू जिंगझोऊ यांनी शीप्याओ आकाराच्या, म्हणजे खाली रुंद वर अरुंद, तीन बारीक पायांच्या पाच किटल्या केल्या, आणि त्यांवर वू हूफान या नामवंत चित्रकाराने अक्षरं लिहिली, बहुतेकांवर बांबूही काढले. शांघायमध्ये तिएह्वाशुआन हे झिशाचं दुकान चालवणारे दाई शियांगमिंग, चित्रकार ज्यांग हानतिंग आणि तांग युन, स्वतः वू हूफान आणि स्वतः गू, असे त्या पाचांचे पाच धनी. यातली दाई शियांगमिंग यांची किटली २०१० मध्ये चायना गार्डियनच्या लिलावात १ कोटी २३ लाख २० हजार युआनला गेली, तेव्हाचे आठ कोटींच्या वर रुपये. बघा यात काय काय आहे: कोणी केली, कधी केली, कोणी चित्र काढलं, कोणासाठी केली, तिच्या बहिणी कुठे आहेत, हे सगळं नोंदलेलं. तोच आकार, तीच माती, तितकंच सुंदर हातकाम पण मागे कागद नाही, तर भाव एकदम जमिनीवर. म्हणून मी म्हणते की भाव बघताना किटली आणि तिचा दाखला असे दोन वेगळे हिशोब मांडा.

भावाच्या बातमीत अजून दोन-तीन खाचा असतात. छापून येणाऱ्या आकड्यात बहुधा खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं, चीनमध्ये ते हातोड्याच्या भावावर साधारण १५ टक्के, हाँगकाँगच्या मोठ्या कंपन्यांकडे त्याहून जास्त. हातोडा पडला म्हणजे पैसे भरले असंही नाही, चीनमध्ये बोली लावून पैसे न भरण्याचा प्रश्न जुना आहे. आणि बाजार एकाच दिशेने जात नाही. १९८० च्या दशकात हाँगकाँग-तैवानच्या लोकांनी भाव चढवले, त्यात हाँगकाँगचे उद्योजक लो क्वी-सियोंग यांचा वाटा मोठा, त्यांनी यीशिंगच्या कुंभारांना कामं दिली आणि स्वतःचा संग्रह हाँगकाँगच्या टी वेअर म्युझियमला देऊन टाकला. मग मुख्य चीनमधला पैसा आला, किटली भेट म्हणून वर सरकवायची वस्तू झाली, आणि भ्रष्टाचारविरोधी मोहीम सुरू झाल्यावर हयात "मास्टर" लोकांचे भाव बरेच खाली आले. गुंतवणूक म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर त्याला एवढंच विचारा की ही तू परत किती भावाला घेशील.

सुरुवात कशी करायची ते आता सांगते. पहिलं वर्ष जुनं काहीही घेऊ नका. हाँगकाँगला जाणं झालं तर फ्लॅगस्टाफ हाउसमधलं ते टी वेअर म्युझियम, शांघायला गेलात तर शांघाय म्युझियम, नानजिंगला नानजिंग म्युझियम, आणि थेट दिंगशूला जाता आलं तर तिथलं सिरॅमिक म्युझियम, हे निवांत बघा, एकाच आकाराच्या किटल्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्यासारखं बघा. शीप्याओच घ्या, तोटी अंगातून कशी बाहेर येते, कडीचा त्रिकोण आतून कसा दिसतो, चांगल्या आणि बऱ्या किटलीत फरक फक्त तेवढ्यात असतो. मोठ्या लिलाव कंपन्यांचे प्रिव्ह्यू, म्हणजे लिलावाआधी वस्तू बघायला मांडतात ते, सगळ्यांना खुले असतात, तिथे वस्तू मागून हातात घेता येते, काचेमागे दहा वर्षं बघून जे कळत नाही ते तिथे दहा मिनिटांत कळतं. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, टेबलावरच धरा, झाकणावर बोट ठेवल्याशिवाय उलटी करू नका.

पहिली खरेदी म्हणून तरुण, फारसं नाव नसलेल्या कुंभाराची पूर्ण हातकामाची, एकदम साध्या आकाराची किटली घ्या, नक्षी नको, कोरीव मजकूर नको, कारण साध्या अंगावर चूक लपत नाही आणि तुमचा डोळा तिथेच तयार होतो. एका किटलीला कुंभाराचे काही दिवस जातात, तो हिशोब मनात धरला की दोन हजाराची "हँडमेड" काय आहे ते आपोआप कळेल. चीनमध्ये कुंभारांना सहाय्यकापासून राष्ट्रीय मास्टरपर्यंत पदव्या असतात, पदवीप्रमाणे भाव चढतो, पण मोठ्या नावाखाली दुसऱ्याच कोणीतरी घडवलेल्या किटल्या सर्रास विकल्या जातात आणि सोबत मास्टर किटली हातात धरून उभे असलेला फोटो आणि सर्टिफिकेट पण मिळतं. त्यामुळे पदवीसाठी जास्तीचे पैसे देणं मला पटत नाही, हातासाठी द्या.

मग एकच गल्ली निवडा. सगळं जमवायला गेलं की काहीच जमत नाही. कोणी फक्त शुईपिंग जमवतं. कोणी यीशिंगच्या सरकारी झिशा फॅक्टरीचा काळ, १९५० च्या दशकापासून ९० च्या दशकापर्यंतचा, ज्यातल्या बऱ्याच किटल्यांच्या बुडावर "चीन यीशिंग" असा चार चिनी अक्षरांचा शिक्का असतो, आणि सांगून ठेवते की त्यांच्याही नकला भरपूर आहेत. कोणी सियामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या बाजारासाठी केलेल्या, घोटून चकचकीत केलेल्या आणि धातूच्या कडा लावलेल्या किटल्या. गल्ली निवडली की बारकावे लक्षात राहतात, जसं तोटीच्या मुळाशी आतून एकच भोक हे जुन्या किटल्यांत जास्त, आणि चेंडूसारखी फुगीर जाळी साधारण १९७० नंतरची, मग छिंग काळातली म्हणून विकायला आणलेली चेंडूच्या जाळीची किटली किती खरी ते तुम्हीच ठरवा.

लिलावात भारतात बसून बोली लावायची असेल तर आधी कंडिशन रिपोर्ट मागा आणि आतले, बुडाचे, झाकणाच्या खालच्या कडेचे, तोटीच्या टोकाचे फोटो वेगळे मागा, कारण टवके तिथेच उडतात आणि दुरुस्ती तिथेच लपते. समोर वस्तू असेल तर यूव्ही टॉर्च मारून बघा, नवीन गोंद आणि रंगवलेला भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो. वयाची लॅब टेस्ट होते, पण तिला बुडातून थोडा भुगा काढावा लागतो, लहान किटलीसाठी विचार करूनच. तुमचा वरचा आकडा कमिशन, शिपिंग, विमा, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून कागदावर लिहा आणि तिथेच थांबा.

कायद्याकडे दुर्लक्ष नको. मुख्य चीनमधून १९११ आणि त्याआधीच्या पुराण वस्तू बाहेर न्यायला सरसकट बंदी आहे, १९४९ पर्यंतच्या महत्त्वाच्या वस्तूंनाही तत्त्वतः बंदी आहे, त्यामुळे चीनमधला विक्रेता "छिंग काळातली, उद्याच कुरिअर करतो" म्हणाला तर एकतर ती जुनी नाही किंवा तो कायदा मोडतोय. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना लागतो आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून जुनी किटली भारतात आणून पुढे हाँगकाँगला विकू असा बेत असेल तर आणण्याआधीच या विषयातल्या वकिलाशी बोला आणि आयातीचा प्रत्येक कागद कायमचा जपून ठेवा.

घरी आल्यावर: साबण कधीच नाही, फक्त गरम पाणी. एका किटलीत एकाच जातीचा चहा, ऊलाँग तर ऊलाँग, पुअर तर पुअर, माती थोडी सच्छिद्र असते आणि वास धरते, आपला दूध-साखर-आल्याचा चहा यात नको, तो पातेल्यातच छान. वापरून वापरून अंगावर जी शांत चमक येते ती बिडाच्या तव्यासारखी हळूहळूच येते, तेल-मेण लावून आणू नका, त्याने किटलीचा भाव पण जातो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओली किटली झाकण लावून ठेवली की आत बुरशी धरलीच म्हणून समजा, झाकण बाजूला काढून पूर्ण वाळू द्या, कपाटात ठेवताना झाकण आणि तोंडाच्या मध्ये मऊ कागद घाला. फार जुनी किंवा दाखला असलेली किटली वापरायची नाही असा माझा नियम आहे, काहीजण वापरतात, त्यांची मर्जी.

आणि प्रत्येक किटलीची एक फाइल करा, पहिल्या दिवसापासून. पावती, विक्रेत्याशी झालेलं बोलणं, कुंभाराचं नाव, मातीबद्दल काय सांगितलं, वजन, मापं, किती मिली पाणी मावतं, शिक्क्यांचे जवळून फोटो, आतला फोटो, आधीचा मालक कोण. कुठे टवका उडाला, कोणी कशाने चिकटवला, ते पण लिहा, तारीख टाकून.